मन्मथअप्पांच्या वीस खाटा

डोळ्यावर पट्टी बांधलेल्या माणसाला अचानक हात लावू नये. त्याचं काळीज तोंडाशी येतं. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही, मन्मथअप्पांनी शिकवलं. अप्पा वॉर्डात शिरले की खाटेपाशी क्षणभर थांबायचे, आपला रुंद, कोरडा, स्पिरिटचा वास येणारा तळहात पेशंटच्या कपाळावर ठेवायचे आणि म्हणायचे, "मन्मथ हाय." मग थेंब, मग पट्टी, मग गोळी. वीस खाटांवर वीस वेळा, दिवसातून तीनदा. एका म्हातारबुवांनी कंटाळून एकदा म्हटलं, "अप्पा, कळलं आता तुमीच हाय. दर बारीला कावून सांगता?"

अप्पा म्हणाले, "तुमाला कळलं हो. तुमच्या डोळ्याला कुठं कळलंय?"

आमचं डोळ्यांचं रुग्णालय पाटोद्याच्या अलीकडं, रस्त्याला लागून होतं. नाव लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. आमच्या भागातल्या साखर कारखान्यानं ऊसबिलातून टनामागं थोडेथोडे पैसे कापून ते उभं केलं होतं. त्यामुळं दहा गुंठे ऊस असलेला माणूससुद्धा दवाखान्यात मालकासारखा शिरायचा. एकजण तर भांडणात म्हणाला होता, ही खिडकी माझ्या उसाची आहे. अप्पांनी त्याच्या हातात फडकं दिलं आणि मग काच तेवढी पुसून जा म्हणाले.

अप्पा या दवाखान्याचे ड्रेसर. पदाचं नाव तेवढंच, पण वॉर्ड त्यांचा होता. मूळचे लिंगायत दुकानदार घरातले. कपाळावर भस्माच्या तीन रेघा, सदऱ्याच्या आत गळ्यात इष्टलिंगाचा चांदीचा चौका, आणि पायात कायम रबरी चपला, कारण चामडी चपलेचा आवाज झोपलेल्या पेशंटला दचकवतो असं त्यांचं म्हणणं. बाजाराच्या गावात त्यांच्या भावाचं किराणा दुकान होतं. तरुणपणी आईला घेऊन ते शाळेच्या वर्गात भरलेल्या डोळ्यांच्या शिबिराला गेले आणि परत दुकानावर बसलेच नाहीत. त्या काळी ऑपरेशन झालं की माणसाला पाठीवर निजवून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावत, मान हलू नये म्हणून. त्या पिशव्या अप्पांनी मांजरा नदीच्या पात्रातली वाळू चाळून, धुऊन स्वतः शिवल्या होत्या. पुढं डोळ्यात भिंग बसवायची पद्धत आली, पिशव्यांचं काम संपलं. तरी दोन पिशव्या अप्पांनी टेबलाखाली जपून ठेवल्या होत्या. वारा सुटला की त्या दाराला लावायचे.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मी बीडच्या कॉलेजातून संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. आई अंगठा उठवायची. हे मी लाजत सांगत नाही, अभिमानानं सांगते. दवाखान्यात माझी नेमणूक कागदपत्रांसाठी झाली. पहिल्याच दिवशी अप्पांनी शिक्षण विचारलं. मी गरजेपेक्षा जरा जास्तच ताठ मानेनं सांगितलं, आणि त्या घडीपासून माझं नाव संपलं. "बीएस्सी, चहा आलाय." "बीएस्सी, सात नंबरच्या माईला तिच्या पोराचं पत्र वाचून दाव." पेशंटही मला बीएस्सीबाई म्हणायला लागले. एका आजींनी तर विचारलं, की बीएस्सी हे माहेरचं नाव का सासरचं.

पाचव्या दिवशी पेशंटला सोडायचे. तो दिवस बघण्यासारखा असे. वर्षानुवर्षं धुक्यात वावरलेलं माणूस डॉक्टरांचा चेहरा पहिल्यांदा बघायचं आणि थेट पाय धरायला वाकायचं. आमच्याकडं दुसरी रीत कुठली? पण टाके ताजे असताना मान खाली घालणं डोळ्याला घातक. म्हणून सोडायच्या वेळी अप्पा पेशंट आणि डॉक्टर यांच्यामध्ये उभे राहायचे. माणूस जरा झुकलं की त्यांचा डावा हात छातीच्या उंचीवर आडवा यायचा, रेल्वेच्या फाटकासारखा. आमच्या भागात तेव्हा रेल्वे नव्हती, पण फाटक असंच पडत असणार असं मी धरून चालले होते.

"वाकायचं न्हाई," अप्पा म्हणायचे. "पाय कुठं जात न्हाईत. हितंच हायेत. म्हैन्यानं या आन् पडा."

आणि माणसं खरोखर महिन्यानं यायची, राहिलेलं पाया पडायला.

मग पावसानं पाठ फिरवली, आणि एकदा नाही, लागोपाठ. ऊस आधी वाळला, मग जनावरांपुढं पडला. कारखान्याची चिमणी त्या हंगामात पेटलीच नाही. जिथं उसाच्या गाड्यांची रांग लागायची त्या यार्डात जनावरांची छावणी उभी राहिली. ऊस नाही म्हणजे कपात नाही, आणि कपात नाही म्हणजे दवाखान्याला पैसे नाहीत. दवाखान्याच्या मंडळावर कारखान्याचेच संचालक होते. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, की शहरात मोतीबिंदू काढून माणूस त्याच दिवशी घरी जातो, मग आपण पाच दिवस खाट का अडवतो?

डॉक्टर सरळ माणूस होते. अंदाजानं बोलायचं नाही, तुलना करू, ते म्हणाले. बंद पाकिटं तयार झाली. निम्म्यांत 'भरती' लिहिलेली चिठ्ठी, निम्म्यांत 'त्याच दिवशी घरी'. ऑपरेशन तेच, भिंग तेच, डॉक्टर तेच. घरी गेलेल्यानं फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन डोळा दाखवायचा. दीड महिन्यानं दोन्हीकडच्यांची नजर तपासायची आणि दोन्हीकडचा खर्च मांडायचा. ज्यांचं घर धड नाही, पाणी नाही, सोबतीला कुणी नाही, त्यांना पाकीट द्यायचंच नाही, थेट भरती करायचं. हे सगळं विचारून लिहिण्याचं काम माझं.

चिठ्ठी म्हटलं की आमच्या लोकांना भिशी नाहीतर सरपंचपदाचं आरक्षण आठवतं. 'भरती' निघालेला माणूस लॉटरी लागल्यासारखा खाटेवर जाऊन बसायचा. 'घरी' निघालेले एक बापू रागानं म्हणाले, "आमच्या उसाची खाट, आन् आमालाच हाकलता व्हय?" पण खूश होणारेही होते, तेही लिहिलं पाहिजे. एक रोजगारी माणूस बायकोला घेऊन आला होता. तिच्यापाशी पाच दिवस बसायचं म्हणजे पाच दिवसांचा रोज बुडणार होता. 'घरी' वाचल्यावर त्यानं पाकीट कपाळाला लावलं.

खर्च मांडताना जेवण, चादरींची धुलाई, नातेवाइकाचा बुडालेला रोज, एसटीचं तिकीट, सगळं धरायचं होतं. त्यात एक रकाना 'ड्रेसरचा वेळ' असा होता. म्हणजे भरती करण्याच्या खर्चात अप्पाही होते. मी त्यांना विचारलं, एका पेशंटमागं दिवसाला तुमची किती मिनिटं जातात? त्यांनी बोटांवर मोजून बघितलं. म्हणाले, खरंच ठाऊक नाही, तूच बघ. दुसऱ्या दिवशी मी घड्याळ घेऊन त्यांच्या मागं फिरले. चार नंबरच्या खाटेवर थेंब घालायला काही वेळ लागला नाही. पण त्या आजोबांची म्हैस घरी दूध चोरत होती. अप्पा खाटेच्या कडेला टेकले आणि म्हशीची सगळी हकिकत ऐकत बसले. मधेच माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं,

"ही धरायची का सोडायची?"

"कोण?"

"म्हैस."

वॉर्ड हसला, मीही हसले. पण कागदावर मी म्हैस सोडली. फक्त औषधपाण्याचा वेळ धरायचा असा नियम होता. संध्याकाळी अप्पांनी तो कागद हातात घेतला, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, "एवढंच करतो व्हय मी?"

तक्रार नव्हती त्यात. खरंच विचारत होते ते.

अप्पा त्या तुलनेच्या विरोधात होते असं पुढं काही जणांनी सांगितलं. ते खोटं आहे. "खाटंवर पडून कुणाचं भलं झालंय?" ते म्हणायचे. "जाऊ द्या की घरी. पर घर पायजे." त्यांनी डॉक्टरांना एकच विनंती केली, की घराचं मी विचारतो. अप्पांची विचारण्याची तऱ्हा वेगळी होती. ते घर कसं आहे म्हणून विचारायचेच नाहीत. विचारायचे, "रात्रीची पाठ कुठं टेकता?" डॉक्टर म्हणाले, अप्पा, सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच शब्दांत, एकाच माणसानं विचारायचे असतात, नाहीतर तुलना बिघडते. ते बरोबरच होतं. आणि ते माणूस मी होते, याचा मला आनंद झाला, हेही खरं.

केराबाई आल्या त्या मंगळवारी. साठीच्या पुढच्या, काटक, शेजारणीचा हात धरून. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत, उजव्यात पिकलेला. मी फॉर्म घेऊन समोर बसले. घर? पक्कं आहे की, त्या म्हणाल्या, पोरानं स्लॅब टाकलाय. पाणी? दारात नळ आहे. सोबत? पोरगा आहे, सून आहे. सांगताना म्हातारीची मान वर गेली होती. मी सगळं लिहिलं. चिठ्ठी निघाली 'घरी'. ऑपरेशन चांगलं झालं, संध्याकाळी शेजारीण त्यांना घेऊन गेली.

बुधवारी सकाळी डोळा दाखवायला केराबाई आल्या नाहीत. गुरुवारीही नाहीत. दुपारी अप्पांनी पिशवीत पट्ट्या आणि थेंब भरले आणि ते निघाले. डॉक्टरांनी मला फॉर्म घेऊन सोबत धाडलं.

एसटीनं आम्ही त्यांच्या गावात उतरलो. घर सापडलं. स्लॅब खरोखर टाकलेला होता. दारात नळ होता, कोरडा. आणि दाराला कुलूप होतं, धूळ बसलेलं. पारावरचा एक माणूस म्हणाला, कुलूप दिवाळीपासून आहे. पोरगा-सून कोयता घेऊन परमुलखात ऊसतोडीला गेलेत. म्हातारी छावणीत आहे, बैलांपाशी.

 अप्पांनी छावणीचा रस्ता धरला.

छावणी मला परकी नव्हती. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, तिथंच होते, आमची चार जनावरं घेऊन. कारखान्याच्या यार्डात काठ्या रोवून, गोणपाटं बांधून माणसं दावणीशेजारीच राहत होती. एका कडेला कडब्याची कुट्टी करायचं यंत्र दिवसभर चालायचं आणि त्याचा भुसा सगळ्यांच्या डोक्यांवर, भाकरीवर, पाण्यावर पडत राहायचा. केराबाई आपल्या दोन बैलांमध्ये बसल्या होत्या. डोळ्यावरची पट्टी कधीच निघाली होती. डोळा सुजून बंद झाला होता, आणि त्या तो पदरानं पुसत होत्या.

अप्पा खाली बसले. कपाळावर हात ठेवला. "माय, मन्मथ हाय."

"या अप्पा," त्या म्हणाल्या. "लई ठणकतंय बगा."

"काल कावून आली न्हाईस?"

"सकाळी जनावरांची मोजणी असती. मालक दावणीला नसला की त्या दिशी चारा मिळत न्हाई. डोळा एक दिस थांबंल, अप्पा. बैलं कशी थांबत्याल?"

अप्पांनी बॅटरीनं डोळा बघितला. त्यांचा चेहरा मी इतकी वर्षं ओळखत होते, पण तसा कधी बघितला नव्हता. त्यांनी हळूच विचारलं, "छावणीत ऱ्हाती म्हनून सांगितलं न्हाई व्हय तू?"

"पोरीनं घर इचारलं, म्या घर सांगितलं," केराबाई म्हणाल्या. "छावणी काय घर हाय व्हय?"

 तिथून तीन दावणी सोडून माझे दादा जनावरांना पाणी दाखवत होते. गेल्याच महिन्यात दवाखान्याच्या एका कागदावर वडिलांच्या पत्त्यात मी गावातलं आमचं कुलूप लावलेलं घरच लिहिलं होतं. कुणी मला विचारलं असतं तरी मीही मान वर करून तेच सांगितलं असतं. आमच्या लोकांनी चार भिंती कशा उभ्या केलेल्या असतात ते मला माहीत होतं, आणि त्या वर्षी त्या भिंतींच्या आत कुणी नाही, हेही माहीत होतं. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकत्र आल्या नाहीत.

बैल सोडून यायला केराबाई तयार होईनात. शेवटी अप्पा दादांकडं गेले. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "न्या तुमी. माझ्या चार जनावरांत ही दोन." चारा उतरवून रिकामा चाललेला ट्रॅक्टर अप्पांनी थांबवला. रस्ताभर खड्ड्यांतून जाताना त्यांनी म्हातारीचं डोकं आपल्या दोन तळहातांत धरून ठेवलं होतं, दोन बाजूंनी, वाळूच्या पिशव्यांसारखं.

डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. डोळ्यात इंजेक्शनं दिली, नगरला नेऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. डोळा गेला. दिसण्यासाठी उघडलेला डोळा, त्यात उजेडसुद्धा राहिला नाही.

नंतर डॉक्टरांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. माझा फॉर्म त्यांच्यापुढं होता. या बाई छावणीत राहतात हे कुणालाच कसं कळलं नाही, त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. मी तोंड उघडायच्या आत अप्पा म्हणाले, "साहेब, पोरीनं तिनं सांगितलं ते बरोबर लिवलं. म्हातारी छावणीत हाय, मला म्हाईत हुतं. म्या बोललो न्हाई."

हे खोटं होतं. अप्पांनी केराबाईंना त्या मंगळवारी पहिल्यांदा बघितलं होतं. मी उभी होते, आणि मी काही बोलले नाही. डॉक्टरांनी फॉर्म मिटला आणि आम्हाला जा म्हणून सांगितलं.

दुष्काळ संपायच्या आत तुलना संपली. बेरजा मीच केल्या, दोनदा केल्या. त्याच दिवशी घरी गेलेल्यांची नजर आणि भरती राहिलेल्यांची नजर यांत फरक नव्हता. खर्च मात्र घरी जाण्यात पुष्कळ कमी होता, दवाखान्याचाही आणि पेशंटचाही. आकडे खोटे नव्हते, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन. त्यानंतर कितीतरी गरीब माणसं रोज न बुडवता डोळे घेऊन घरी गेली.

बेरीज चालू असताना अप्पा माझ्या टेबलापाशी आले होते. केराबाईला कुठल्या बाजूला धरलं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, 'घरी'कडं. चिठ्ठी निघाली त्या बाजूलाच धरायचं असा नियम आहे, नाहीतर ज्याला जसं सोयीचं तसं तो मोजेल.

"नियम बरोबर आसंल," अप्पा म्हणाले. "पर ती घरी गेलीच न्हाई, बीएस्सी. मंग घरी गेलेल्यांत कशी मोजती?"

मी शेऱ्याच्या रकान्यात 'छावणी' असं लिहिलं. शेऱ्याच्या रकान्याची बेरीज होत नाही. ते त्यांनाही कळलं असावं. मान हलवून ते निघून गेले.

वॉर्ड बंद झाला. खाटा एका वसतिगृहाला दिल्या. कामावरच्या माणसांना दुसरीकडं सामावून घ्यायची यादी निघाली, तिच्यात अप्पांचं नाव नव्हतं. पेशंटची माहिती दडवणारा माणूस कसा ठेवायचा, असं मंडळात कुणी म्हणालं म्हणे. त्या दिवशी मी डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि खरं काय ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे तेव्हा सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाले. त्यांनी मंडळाला पत्र लिहिलं. मंडळानं ते वाचलं असेल. यादी बदलली नाही.

मी सांगितल्याचं कळलं तेव्हा अप्पा माझ्यावर चिडले. एवढ्या वर्षांत एकदाच. "बे बीएस्सी, डोस्कं हाय का तुला?" बाईमाणसाला बे म्हणत नाहीत, हेसुद्धा ते विसरले. "तुज्या घरात पहिली नोकरी तुजी. बाप छावणीत बसलाय. माजं काय, भावाचं दुकान हाय." मग आवाज उतरवून म्हणाले, "आन् म्हातारी घर घर म्हनती, त्याला तू तरी काय करशील?"

जाताना त्यांनी दवाखान्याकडं एक खाट मागून घेतली आणि टेबलाखालच्या दोन वाळूच्या पिशव्या. भावाच्या दुकानामागं गुळाच्या ढेपा ठेवायची एक खोली होती. ती त्यांनी स्वतः चुन्यानं रंगवली आणि खाट मांडली.

कशासाठी, ते मला नंतर कळलं. केराबाईंचा डावा डोळा शिल्लक होता आणि तोही पिकत चालला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की त्या तोंड फिरवत. एक घालवला, एक राहू द्या, म्हणायच्या. अंधारात का होईना, आहे तर खरा. अप्पा दर पंधरवड्याला त्यांच्याकडं जात राहिले. पाऊस झाला, छावणी उठली, बैल घरी आले, पोरगा येऊन पुन्हा ऊसतोडीला गेला, तरी ते जात राहिले. समजावायचे नाहीत. कपाळावर हात ठेवून नाव सांगायचे, बसायचे, चहा घेऊन परत यायचे. त्या भागातले दवाखान्यातून त्याच दिवशी घरी आलेले पेशंटही वाटेत बघायचे. त्याचा त्यांना पगार नव्हता.

शेवटी केराबाई तयार झाल्या, एका अटीवर. ऑपरेशन झालं की पाच दिवस अप्पानं मला ठेवून घ्यायचं.

फॉर्म मीच भरला. घराच्या रकान्यापाशी आल्यावर मी पेन थांबवलं आणि विचारलं, "मावशी, रात्रीची पाठ कुठं टेकणार?"

"अप्पाच्या दुकानामागं," त्या म्हणाल्या. मी तसंच्या तसं लिहिलं. सोबतीच्या रकान्यात मन्मथअप्पांचं नाव लिहिलं.

पाच दिवस गुळाच्या वासाच्या त्या खोलीत अप्पांचा वॉर्ड चालला, एका खाटेचा. बैलांपाशी अप्पांनी गावातलाच एक गडी ठेवून दिला होता. पाचव्या दिवशी मी गेले. केराबाईंनी त्या एका डोळ्यानं अप्पांना नीट निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "इतका म्हातारा हायस व्हय तू? आवाजानं तर तरना वाटत हुतास." अप्पा इतके हसले की त्यांना खोकला आला. मग त्या वाकायला गेल्या आणि फाटक पडलं.

पुढं मला बीडला जिल्हा परिषदेत नोकरी लागली. गाव सुटत गेलं. काही वर्षांनी पाटोद्याकडं जाताना बाजाराच्या गावी एसटी थांबली, तशी मी उतरले. पुढची गाडी तासाभरानं होती. अप्पा दुकानाच्या पायरीवर बसले होते. भस्माच्या रेघा वाकड्या झाल्या होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले, ते माझ्याकडंच बघत होते, आणि काही बोलत नव्हते. मग मला त्यांच्या बुबुळांवरची पांढरी झाक दिसली. दोन्ही डोळ्यांत.

मी खाली बसले. वडीलधाऱ्याच्या कपाळाला हात लावताना जरा संकोच वाटला, पण लावला. "अप्पा, बीएस्सी हाय."

त्यांचा चेहरा उजळला. चहा मागवला, दादांची चौकशी केली. मी डोळ्यांचं विचारलं. ऑपरेशन का करून घेतलं नाही? तेव्हा ते म्हणाले, "सोबत कोन लिवू? भाऊ गेला. पुतन्या पुन्याला. केराबाईला पोरगं घेऊन गेलं तिकडं ऊसतोडीच्या मुलखात."

"माझं नाव लिहा," मी म्हटलं. "दिवाळी झाली की मी रजा काढून येते. पाच दिवस राहते."

"ये की," ते म्हणाले. "खाट हायच."

ती रजा मी काढलीही होती. त्याआधीच त्यांच्या पुतण्याचा निरोप आला. तापाचं निमित्त झालं होतं.

पण त्या दिवशी हे काही माहीत नव्हतं. एसटीचा हॉर्न वाजला, मी पिशवी उचलली आणि त्यांच्या पायांशी वाकले. इतक्या वर्षांत मी एकदाही वाकले नव्हते. कसं कोण जाणे, त्यांना माझी चाहूल लागली. डावा हात आडवा आला, जरा उशिरा, जरा चुकीच्या उंचीवर, आणि माझ्या केसांना लागला.

"वाकायचं न्हाई," ते म्हणाले.

मी सरळ झाले, पळत जाऊन गाडी पकडली. खिडकीतून मागं बघितलं. अप्पा पायरीवर तसेच बसले होते, हात अजून आडवा धरून. मी उठून गेले आहे हे त्यांना दिसलं नव्हतं.